सातवा खण

दिवाळी सरली की जिनिंगचा भोंगा सुरू होतो
आणि चौथ्या दिवशी आमच्या ओट्याच्या जाळीला दाढी येते.
पांढरी, मऊ, बघायला बरी.
वारा मात्र अडतो.

धरणगावात ओट्याला जाळी म्हणजे गल्ली हसली होती.
कोंबड्या पाळताय का, म्हणाली.
पण धाकट्याला डेंग्यू झाला त्या वर्षी
नजीर तडवी सायकलवर गुंडाळी घेऊन आला,
दोन दिवसांत आठ खण लावून गेला,
सागाच्या पट्ट्या, वीतभर अंतरावर खिळा.
जाताना म्हणाला, भाभी, जाळी धुवायची असते,
झोडायची नसते.

मी झोडली. पहिल्याच वर्षी, खराट्याने.
तिसऱ्या खणाचं पोट सुटलं ते अजून तसंच आहे.

आता जमतं.
आधी कोरडा ब्रश, वरून खाली.
रुई ओली झाली की जाळीच्या डोळ्यांत
लापशीसारखी बसते, मग सुईने उकरत बसा.
म्हणून कोरडं आधी,
मग निरम्याचं पाणी, फडकं घट्ट पिळून,
कारण नळ आठव्या दिवशी येतो
आणि जाळीआधी माणसांना प्यायचं असतं.
कोपऱ्यांना दात घासायचा जुना ब्रश.
दाराच्या बिजागरीला शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब.
भोक पडलं तर जाळीचाच तुकडा घ्यायचा,
कडेच्या तारा आरपार ओवून मागे दुमडायच्या.
हे कोणी शिकवलं नाही.
ज्याला रफू येतं त्याला हेही येतं.

सातव्या खणापाशी सुकलाल आप्पांची खुर्ची.
बत्तीस वर्षं जिनिंगवर ग्रेडर.
बैलगाडीत खांद्यापर्यंत हात घालून
तळाचा कापूस वर काढायचे,
वरच्या कापसावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.
आता नावं गेली.
माझं आधी गेलं, मग मुलाचं,
परवा स्वतःचं शोधत होते,
खिशात चष्मा चाचपावा तसं.

काल घाई होती. भात गॅसवर.
कोरडा ब्रश टाळून मी सातव्या खणाला थेट फडकं लावलं,
तर मधे हात आला.
जाळीवरचा पुंजका त्यांनी दोन चिमटींत धरला,
ओढला, निम्मा केला,
निम्म्यावर निम्मा ठेवला, परत ओढला,
असं पाच-सहा वेळा,
मग उरलेली पात काळ्या विजारीवर, मांडीवर निजवली
आणि नखाने मोजून म्हणाले,
"अठ्ठावीस. पन वल्ला शे."

ओला होता खरा. माझ्याच फडक्याने.

"दुसरा दखाड."

आठव्या खणातला दिला. सव्वीस.
पहिल्या खणातला, रस्त्याकडचा, दिला
तर वास घेऊन टाकून दिला. धूळ.
तिसऱ्यातला बराच वेळ ओढत बसले,
आणि मी एवढी मोठी बाई
निकालाच्या दिवशी उभी राहावी तशी उभी.
भात लागल्याचा वास आला. येऊ दे म्हटलं.

मग माझ्याकडे नीट पाहिलं.
"तू कोनी पोर शे?"
पातोंड्याची, मी म्हटलं.
"पातोंडाना माल चांगला ऱ्हास."

सतरा वर्षांत या घरात
माझ्या माहेराबद्दल बोललं गेलेलं
हे पहिलं बरं वाक्य.

संध्याकाळी हे आले, पायरीवरूनच बघितलं,
सात खण चकचकीत आणि एक तसाच.
म्हणाले, हा राहिला की.
राहू दे, म्हटलं,
आणि जरा मोठ्याने म्हटलं बहुतेक,
कारण ते चपला काढायला खाली वाकले
ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

समोर पानटपरीचा बल्ब लागला.
सातव्या खणातून तो विणलेल्या टोपीतून दिसावा तसा.
आप्पा खुर्चीत सावरून बसले.
"गाडी ऊनी का?"

लाइनीत आहे, आप्पा.
तुमचीच वाट बघतेय.