वजनकाटा

मंगळवार पेठेत माझं दुकान. ज्वारी, शेंगदाणे, लाल मिरची.
ठाण्यातून फोन आला की काटा घेऊन जायचं.
दोन पंच, एक फोटोवाला आणि मी.
पंचनाम्यात मला नाव नसतं फारसं,
‘वजनकाटाधारक’ म्हणतात.

त्या दिवशी पिशवी अक्कलकोट नाक्यावर धरलेली,
टॉवेलच्या दुकानाची, वर लग्नाच्या शुभेच्छा छापलेल्या.
पोरगा विडी घरकुलातला, मल्लेश बोद्दूल.
पॉवरलूमवर रात्रपाळी करून आलेला,
भुवईला अजून रुई चिकटलेली.

काटा शून्यावर आणला.
बी, काड्या, बांधलेला सुतळीचा तोडा, सगळं धरून
एक किलो वीस ग्रॅम.

साहेब म्हणाले, ‘किलोच्या आत असता तर वर्षभर.
वर गेलास की दहापर्यंत.’
‘पर्यंत’वर असा जोर दिला
जसं काही खिशातून देतायत.

मी वाणी माणूस.
ओल्या मालाला पूर्ण भाव दिलेला नाही कधी.
मार्चचं आमचं ऊन; पत्र्यावर दुपारभर पसरला असता
तर चाळीसेक ग्रॅम उन्हानंच खाल्ले असते.
बोललो नाही.
मला बोलायला बोलावलं नव्हतं.

पायरीवर त्याची आई, लच्चूबाई.
कारखान्यात द्यायच्या हजार विड्या मांडीवर,
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं.
‘अण्णा, काटा बरोबर हाय का हो तुमचा?’
मी खाली वाकून तिला
या वर्षीचा सरकारी शिक्का दाखवला.

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये वाद ठेवलेला:
गांजाला परवानगी द्यावी की नाही.
एक जण कर, औषध, परदेश असं म्हणाला. टाळ्या.
माझ्या साडूचा पोरगा याच धुरात गेला,
दोन वर्षं भिंतीशी बोलतोय, ती पण उत्तर देते म्हणतो.
माझे हात उठले नाहीत.
दुसरा म्हणाला, ‘तुरुंग हाच उपाय.’
तेव्हाही नाही उठले.
शेजारचा म्हणाला, काका, झोपला की काय?

गड्ड्याच्या जत्रेत बाबांच्या चिलमीला
मला कुणी अजून बोलावलेलं नाही.

काटा फडक्यानं पुसला की शून्य दाखवतो,
त्याला काय.
हल्ली गिऱ्हाइकाला मिरची वीस ग्रॅम जास्तच घालतो.
विचारलं तर सांगतो,
ओली आहे की हो,
वाळेल.