उणे सहा डबे

फोंड्याच्या ऑफिसात तीन कंपन्या येऊन गेल्या.
पहिल्याने पडद्यावर बाण काढले,
दुसऱ्याने बाणांना रंग दिले,
तिसरी मुलगी बोरीच्या पुलावर अडकून उशिरा आली
आणि आल्या आल्या पाणी मागितलं.

आमचा धंदा काजूचा.
भट्टी डिचोलीला, गोदाम कुंडईला,
दुकानं म्हापशात, मडगावात, आणि कळंगुटला एक,
जिथे गिऱ्हाईक काजूपेक्षा फोटो जास्त घेतं.
प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं,
एकाच घरातली भावंडं, अबोला धरलेली.

"मग आत्ता ही एकमेकांशी बोलतात कशी?"
मी फळ्यावर काढायला घेतलं.
गोदामाची रेघ हिशेबाकडे निघाली, वाटेत थांबली.
म्हापशाची थांबली. मडगावची.
सगळ्या रेघा एकाच टेबलाशी.
टेबलावर बिमलीच्या लोणच्याची बाटली, लाल बॉलपेन,
आणि इस्मेनिया बार्रेटो,
एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून.

कळंगुट पाकिटं मोजतं, गोदाम डबे,
भट्टी किलोत बोलते
आणि मालकांचे वडील अजून खंडीत.
ती मनातल्या मनात गुणते.
म्हापशाहून लाडको गडेकरच्या चिठ्ठीचा फोटो येतो,
त्याचा सात एकासारखा,
त्याचा एक कशासारखाच नाही.
तिला कळतं.
दोनशे चाळीस नंबर संपला तरी तो संपला म्हणत नाही,
'तुकडी' लिहितो, लाजेने.
तेही कळतं.

दर जोडणीमागे महिन्याला इतके डॉलर,
दर हजार निरोपांमागे इतके.
मी गंमत म्हणून मांडून पाहिलं:
इस्मेनियाचे आजवरचे निरोप त्या दराने धरले
तर भट्टी तिच्या नावावर करावी लागेल.
मालक हसले.
मग हसायचे थांबले.

डेमोला ती मागच्या खुर्चीत.
काही विचारणार नाही असं सगळ्यांनी धरलेलं.
"फोन उखल्लो ना जाल्यार?"
पहिला म्हणाला, आमच्याकडे असं होतच नाही.
दुसरा म्हणाला, यंत्रणा तीनदा प्रयत्न करते,
मग निरोप डेड लेटरच्या डब्यात. हरवत काहीच नाही.
"आनी तो डबो कोण उगडटलो?"
त्याने आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं,
जणू तो सांगेल.

गायत्री हलगेकर, बेळगावची, पुलावर अडकलेली.
तिचे बाण राखाडी,
कळंगुटच्या बिलांसाठी तयार जोड नाही,
वेगळा बनवावा लागेल म्हणाली, पंधरा दिवस, कदाचित वीस.
डब्याचं विचारल्यावर म्हणाली,
"कोणीतरी उघडावाच लागतो. रोज सकाळी.
बाई, तुम्ही शिकाल?"

मी शंभरपैकी गुण दिले होते. तिला एकसष्ट.
आम्ही एकसष्टला घेतलं.

चांगुलपणाने घेतलं असं नाही. स्वस्तही होतं.
इस्मेनियाला चार वर्षं राहिलीत,
तिच्यानंतर काय, याची धास्ती
मी प्रस्तावात 'जोखीम' या शीर्षकाखाली लिहिली होती.
ती वाचून तिने
दोन ठिकाणी माझं इंग्रजी सुधारून दिलं.

मग तीन महिने
ती सांगत होती, मी टाइप करत होतो:
एक डबा म्हणजे किती पाकिटं,
खंडी कुठे मोडायची,
मडगावचा दिवस रात्री किती वाजता संपतो.
'तुकडी'पाशी ती थांबली.
"हें बरोव नाका."
नाही लिहिलं.

एक तारखेच्या रात्री सगळं आपसूक गेलं.
सकाळी डब्यात एकच पत्र पडलेलं:
म्हापसा, दोनशे चाळीस नंबर, शिल्लक उणे सहा डबे.
नसलेला काजू विकता येतो
हे यंत्राला पटत नव्हतं.

इस्मेनियाने चष्मा पुसला.
फोन लावला, वाजू दिला,
दुसऱ्यांदा लावला.
"लाडको," ती म्हणाली,
"च्या घेतली मरे?"
आणि लाल बॉलपेनचं टोपण
दातांनी काढलं.