अकरा दिवस

कोरुशच्या कारखान्यात यंत्र बसवायला मला पाठवलं
तेव्हा देओलिंदानं आधी माझे बूट पाहिले,
मग यंत्राचे सहा कॅमेरे,
आणि म्हणाली, "ह्याला वास येतो का?"
नाही, म्हटलं.
"मग अर्धंच शिकेल."

एकतीस वर्षं ती पट्ट्याशी उभी.
बुचं येत राहतात, मिनिटाला दीडशे,
तिचा हात मध्येच उठतो, एक टिपतो,
डाव्या टोपलीत.
का, ते तिला सांगता येत नाही,
जसं उंबरा ओलांडताना कुठला पाय आधी पडला
ते कुणालाच सांगता येत नाही.
कंपनीला ते 'का' नकोच होतं. हात हवा होता.
तिच्या मनगटावर आम्ही पट्टी बांधली
आणि सात महिने यंत्र पाहत राहिलं,
ती काय ठेवते, काय टाकते,
पहिल्या बाकावरच्या मुलासारखं,
फक्त एकही शंका न विचारता.

मग पट्ट्याशी नऊ बायकांच्या दोन झाल्या.
देओलिंदा राहिली. तिला निळा कोट दिला,
पद दिलं: गुणवत्ता मार्गदर्शक.
काम एवढंच की यंत्र अडलं तर बघायचं.
यंत्र अडत नसे.

ऑक्टोबरात हंगेरीहून तक्रार आली, बाटल्या पाझरतात.
मी रात्रभर नोंदी उसवत बसले.
यंत्र सगळीकडे कडक, सासुरवाशिणीचा स्वयंपाक चाखावा तसं.
फक्त एका रंगापुढे,
तांबूस, थोड्या विटकरी,
ते मऊ पडायचं.
मुंग्यांनी पोखरलेलं, हिरवट, भेगाळलेलं,
काहीही चालून जायचं.
तो रंग एकाच टेकडीवरच्या झाडांचा.
मागे मागे जात पोचले फेब्रुवारीत:
अकरा दिवस, साडेसहा लाख बुचं,
आणि डावी टोपली रिकामी.

स्क्रीन तिच्याकडे वळवली.
तिनं चष्मा पुसला. आकडे वाचले नाहीत,
तारखा वाचल्या.

"झेफेरीनुची झाडं," म्हणाली.
"माझा धाकटा. साल सोलायचा.
कुऱ्हाड अशी चालवायचा की झाडाला कळू नये.
सोलून झालं की खोडावर पांढऱ्या रंगानं वर्षाचा आकडा,
म्हणजे पुन्हा नऊ वर्षांनी या.
त्याचा तीन नेहमी कलंडलेला.
तो उन्हाळा सोलला, नाताळच्या आत गेला.
साल वाळली, उकडली,
आणि फेब्रुवारीत माझ्यापुढे आली.
टाकू कशी?"

म्हणजे यंत्राला सुतक लागलं होतं.
अकराच दिवसांचं, पण फिटलं नव्हतं,
कारण ते फिटतं
हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

वरून निरोप: तेवढे दिवस वगळा, पुन्हा शिकवा.
कळीवर बोट ठेवून मी उगाच थांबले,
ती काही म्हणेल म्हणून.
"पूस की," ती म्हणाली,
"त्याचा कोण लागतो झेफेरीनु?"
मग जरा वेळानं,
"सोमवारी मी चिडलेली असते. तेही शिकलंय का?"
शिकलं होतं.
ते राहू दिलं.

एका रात्रीत यंत्र शहाणं झालं.
सकाळी सातला टेकडीचा माल लागला
आणि सातला दोन मिनिटं झाली असतील,
हवेचा एक फुत्कार,
एक तांबूस बूच डाव्या टोपलीत.
मग दुसरं.
मग मी मोजायचं सोडलं.

देओलिंदा वाकली, त्यातलं एक उचललं,
नाकाशी धरलं बराच वेळ,
आणि माझ्यापुढे केलं.

मला नुसता बुचाचा वास आला.
मी मान हलवली.