पाचवी कडी

कवलापूरच्या अलीकडं सन्मती वजनकाटा.
मागं द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना, पुढं चहाची टपरी,
मधे खिडकीत मी. एका पावतीचे साठ रुपये.

दस्तगीर शिकलगार सकाळीच आला.
पिकअप रुबीना चालवत होती,
तो मागच्या ट्रॉलीवर उभा, हळद शिजवायच्या ड्रमांपुढं,
बॉयलरवर हात ठेवून,
जसा बैलाच्या वशिंडावर ठेवतात.

"चौगुले बाई, पाच पावत्या."
"काटा चुकतोय असं वाटतंय का?"
"काटा बरोबर हाय. मी बरोबर हाय का बघायचंय."

आधी पिकअप एकटी. पुढची चाकं: आठशे नव्वद.
मग मागं ट्रॉली अडकवून पुन्हा तीच चाकं:
आठशे तीस.

"साठ किलो कुठं गेलं?" मी विचारलं.
"कुठं जातंय? हूक दाबलाय, नाक उचललंय.
नाक हलकं झालं की स्टेअरिंग ऐकत न्हाई बाई."
काल पाण्याची टाकी मागं होती
तर माधवनगरच्या वळणावर ट्रॉली शेपूट हलवायला लागली,
रात्रीत त्यानं टाकी दीड हात पुढं घेतली.
आता शेपूट थांबलं, नाक उठलं.

यावर त्याचा इलाज:
मिरजेच्या भंगारातले ट्रकचे दोन पाटे,
हुकाखालून मागं ताणलेले,
टोकाला साखळी, साखळीला सात कड्या.
जितकी वरची कडी, तितका पाटा ताठ,
तितकं ओझं हुकावरून निघून
पुढच्या चाकांकडं आणि ट्रॉलीच्या चाकांकडं जातं.

सातवी कडी: आठशे चाळीस.
चौथी: नऊशे दहा. हूक कण्हला, मला खिडकीत ऐकू आलं.
पाचवी: आठशे सत्तर.
दरवेळी तो उतरायचा, टॉमी घालून कडी बदलायचा,
परत ट्रॉलीवर चढून उभा राहायचा.

"वीस कमीच आहेत की अजून," मी म्हटलं.
"ऱ्हाऊ द्या. सगळं परत मागायचं नसतंय.
मागं काहीतरी हाय, हे गाडीला कळाय पाहिजे."

अकरा वर्षं मी इथं आकडे छापते.
भरलेली, रिकामी, वजाबाकी.
कुठल्या चाकावर किती, कुणी विचारलं नव्हतं.
घरी मामंजींना कुशीवर वळवताना
मी कायम खांद्याकडची बाजू धरते, जाऊ पायांकडची.
हे असं कधी ठरलं, आठवत नाही.

पाचव्या कडीवर पूर्ण जोड काट्यावर घेतली:
तीन हजार तीनशे पन्नास.
ही पाचवी पावती. तो खूश. चहा सांगितला.

तेव्हा रुबीना पहिल्यांदा खाली उतरली.
पाटे बघितले, कडी हलवून बघितली,
मग वर बघून म्हणाली,
"अब्बा, उतरा."
"का?"
"तुमचं वजन धरलंय ह्यात."

तो ट्रॉलीच्या नाकावरच उभा होता,
वीस हंगाम उभा राहायचा तसा,
हुकावर नजर ठेवून.
यंदा समडोळी, दुधगाव, कवठेपिरान
ती एकटीच फिरणार होती, सोबत ड्रम उतरवायला दोन पोरं.

काट्याच्या पत्र्यावरून बाहेर यायला त्याला वेळ लागला.
टपरीपाशी जाऊन उभा राहिला,
हातात टॉमी तशीच.

सहावी पावती.
पुढची चाकं: आठशे ऐंशी. एकूण: तीन हजार दोनशे नव्वद.
साठ किलो.
ह्या वेळी कुठं गेलं, मी विचारलं नाही.

त्यानं तीनशे साठ मोजून दिले, सुट्टे.
पाच पावत्या खिडकीतच राहिल्या,
सहावी रुबीनानं आरशामागं खोचली.

गाडी तासगावच्या बाजूला वळली,
शेपूट न हलवता.
चहा आला. तो म्हणाला,
"तिला सांगायचं ऱ्हायलं,
रोज सकाळी कडी मोजत जा."
आणि बोटांवर मोजून दाखवली मला,
पाच.