करंगळीचं अक्षर

दर फेब्रुवारीत टाइपरायटर उचलून
पोलीस ठाण्यात न्यायचा, असा तेव्हा आमच्याकडे कायदा होता.
आठ किलो. ब्राइलाच्या बर्फाळ उतारावरून
पोराच्या घसरगाडीला बांधून मी तो ओढत न्यायची,
वरून घोंगडी टाकून,
बघणाऱ्याला वाटावं आजारी कुत्रा आहे.

तिथे ठरलेला मजकूर टाइप करायचा:
सगळी अक्षरं, सगळे आकडे, प्रश्नचिन्ह दोनदा.
चोरांचे ठसे घ्यावेत तसे
यंत्रांचे ठसे घ्यायचे आमच्याकडे.
माझ्या एरिकाचा ‘र’ ओळीच्या किंचित वर उडायचा.
हवालदार म्हणायचा, ‘बाई, तुमचा र हजारात ओळखू येईल.’
खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटायचं.

दिवसा मासळीच्या कारखान्यात टंकलेखिका.
संध्याकाळी लोकांचे अर्ज:
गॅस येत नाही म्हणून,
मुलीची बदली व्हावी म्हणून.
चौथ्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर, होरिया दुंब्रावा,
आईच्या कवळीसाठी अर्ज करून घेऊन गेले एकदा.
मोबदला दोन अंडी.
एक तडकलेलं होतं, त्यांनी आधीच सांगितलं.

त्या वर्षी ठाण्यात म्हणाले,
‘साहेब नाहीत. ठेवून जा, उद्या या.’
परतताना गाडी रिकामी.
आजूबाजूला कुणी नाही असं पाहून
मी तिच्यावर बसले आणि नदीच्या बाजूने
घसरत घरी आले, सेहेचाळिसाव्या वर्षी.
इतकी हसले की मफलर तोंडात कोंबावा लागला.

एकोणीस दिवसांनी लेफ्टनंट न्यागोयेच्या टेबलावर
एक पत्रक.
पाव द्या, ऊब द्या,
आणि वर बसलेल्यानं आता खाली उतरावं.
म्हणे मास्तरांच्या माळ्यावर सापडलं, गठ्ठाभर.
‘हा र ओळखता?’
ओळखला. गर्दीत पाठमोरं पोर ओळखावं तसा.
‘मग लिहून द्या, मशीन मास्तरांनी मागून नेलं होतं.’

मी वाचत राहिले. वाचायचं म्हणून नाही,
मान खाली ठेवता यावी म्हणून.
आणि मला ‘आ’ दिसला.

माझी डावी करंगळी नवव्या वर्षी
होडीच्या साखळीत चिरडली.
तिच्या वाट्याला येणारं ते एक अक्षर
जन्मभर फिकं उमटलं. फिका आ, म्हणून
कारखान्यात माझा पगार कापला होता दोनदा.
या कागदावर प्रत्येक आ काळाकुट्ट,
मागून बोट फिरवलं तर लागावा इतका खोल.
पोटभर जेवलेल्या, धडधाकट माणसानं मारलेला.

एक रात्र.
माझं मशीन एकच रात्र घराबाहेर होतं.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं.
त्यानं माझ्या.
कितीतरी वेळ आम्ही दोघं
माझ्या करंगळीकडे पाहत होतो,
ती टेबलावर पडून होती, जरा वाकडी.
मग त्यानं पेन पुढे सरकवलं,
‘सही उजव्या हातानंच करता ना?’

उजव्या हातानंच करते.

बहीण म्हणाली, जिवावरचं होतं, सहीवर निभावलं.
कुणाच्या जिवावरचं, ते तिनं विचारलं नाही.
मशीन परत आलं, फीत नवीन घातलेली.
फीत मिळत नसे त्या काळात.

मास्तर सुटले ते सगळंच बदललं तेव्हा.
आई गेली होती, कवळी मंजूर होऊन आल्यावर.
एका संध्याकाळी दारात उभे:
अर्ज करायचा होता, आता स्वतःच्या दातांसाठी.
मी टाइप केला. हात थरथरत नव्हते,
त्याचीच मला लाज वाटली.
त्यांनी कागद खिडकीपाशी धरला,
हिरड्यांतून हसल्यासारखं केलं, म्हणाले,
‘तुमचा आ अजून फिकाच.
तिथे मला तो कागद रोज दाखवायचे.
मी रोज सांगायचो, हा त्या बाईंचा नव्हे.’

त्यांना दुसराही कागद दाखवला असेल का,
माझ्या सहीचा?
ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही.
खिशातून त्यांनी दोन अंडी काढली, कागदात गुंडाळलेली,
आणि मी ती घेतली.