वीट

दाल मिलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली तूर भरडतात, वर आम्ही कोड.
उदगीरच्या मोंढ्याचा धुरळा कीबोर्डच्या फटींत,
स्पेसबार दाबला की
कधीकधी चुनी कुरकुरते.

काम तसं बारकं.
आजचे भाव सहा हजारांच्या फोनवर उघडावेत,
तेही त्या शिवारात
जिथं दोन बांध ओलांडले की
नेटवर्क कर्नाटकाचं होतं.

एवढ्यावरून आठ दिवस भांडण.
तहसीन म्हणाली, रिअ‍ॅक्ट. नोकऱ्या तिथंच आहेत.
मी म्हणालो, व्ह्यू. माझ्यानंतर येणाऱ्या पोराला
निदान वाचता तरी येईल.
स्वेल्टचं नाव निघालं तर हसली :
सडपातळ आहे, पण सोयरीक कोण करणार?
अँगुलरला लांबूनच नमस्कार,
तहसील कचेरी ती,
सगळं मिळतं, आधी अर्ज करा.

तेव्हा वेबपॅक होतं.
एक वेलांटी बदलली
की एक मिनिट दहा सेकंद.
अख्खं पोतं भरडल्याशिवाय
एक दाणा दाखवायचं नाही ते.
त्याची सेटिंगची फाइल म्हणजे भाऊहिश्श्याचा जुना दस्त,
कुठली ओळ कुणासाठी, ठाऊक नाही,
खोडायची मात्र हिंमत नाही.

त्या एक मिनिट दहा सेकंदांत
मला कळलं तिच्या अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
निलंग्याच्या खालाचं शिलाई मशीन,
आणि एकदा, आकडा ब्याण्णव टक्क्यांवर अडकला असताना
(तो तिथंच अडकायचा)
ती म्हणाली,
मला अजून अंधाराची भीती वाटते.
मग आकडा सरकला.

मिलचे मिस्त्री मन्मथप्पा एकदा वर आले.
काय करूलालास रे दिवसभर?
म्हटलं, तुमचंच. निवडायचं, भरडायचं,
नको ते फेकून पोतं हलकं करायचं.
त्याला आमच्यात झाड हलवणं म्हणतात,
जे गळेल ते टाकून द्यायचं.
येडे का काय, म्हणाले,
झाड हलवून पडतंय तेच तर वेचतेत की.
चिंचा काय फांदीला ठेवायच्या का?

मग विचारलं, मशीन कुणाचं?
कुणाचंच नाही. परमुलखातली माणसं
रात्री जागून बनवतात, फुकट देतात.
झाकण उघडता येतंय का?
येतं.
मग तुझंच हाय.
खाली ते नवं सॉर्टर बघ, सील लावलंय,
अडलं की कोइमतूरचा माणूस येईस्तोवर
तूर पोत्यात अन् मी बाकड्यावर.

शुक्रवारी तहसीननं नवं टूल आणलं.
उच्चार वीट, म्हणाली. फ्रेंचमध्ये म्हणजे लवकर.
आमच्यात भट्टीतून निघते ती, मी म्हणालो,
नाहीतर येतो तो.
बटनावरचं बोट उचलायच्या आत
पान समोर.
मागितली तेवढीच मूठ पोत्यातून काढतं,
बाकीची तूर जागची हलत नाही.
आम्ही दोघांनी टाळी दिली.
चहावाल्या पोराला म्हटलं, आता नको,
वेळ नाही.

किती बोलायचं राहिलं ते
वेळ वाचल्यावर कळत नाही लगेच.

मार्चमध्ये ती पुण्याला गेली. रिअ‍ॅक्ट.
साइट व्ह्यूत चालते, भाव वेळेवर दिसतात,
मोंढ्यात आता कुणी फोन करून विचारत नाही.
मी त्या परमुलखातल्या माणसांच्या माहितीपत्रातली
एक चुकलेली ओळ दुरुस्त करून पाठवली.
कुणीतरी अंगठा दाखवला. नाव बघितलं,
उच्चार जमला नाही.

काल लाइट गेली. खालचे रोलर थांबले,
मन्मथप्पांच्या पान्ह्याचा तेवढा आवाज.
इन्व्हर्टरवर लॅपटॉप, बाकी अंधार.
कसलंच काम नव्हतं,
तरी जुनं फोल्डर उघडलं,
वेबपॅक लावलं,
आणि खुर्ची तिच्या टेबलाकडे वळवून बसलो.

ब्याण्णव टक्के.