मतदान अधिकारी क्रमांक दोन

माझं काम शाईचं.
घणसोली, महापालिकेची शाळा, दुसरी ब चा वर्ग,
बाक इतके ठेंगणे की गुडघे हनुवटीशी येतात.
बाटली कलंडू नये म्हणून वाटीभर वाळूत रोवलेली,
तुळशीचं रोप लावावं तशी.
डावी तर्जनी, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत
एक रेघ.
पुढे.

का आलात, ते विचारायचं नाही.
नोंदवहीत तसा रकानाच नाही.

कोळंबी सोलून पांढरी पडलेली बोटं आली.
रबाळ्याच्या कारखान्यातली आली, ग्रीस मुरलेली,
शाई उमटली की नाही ते वाकून बघावं लागलं.
एका नव्या पोरीने नेलपॉलिश पुसून आणलं होतं
फक्त त्या एका नखाचं.
एकाची तर्जनीच दगडखाणीत राहिलेली.
मी गडबडले, तर त्यानेच मधलं बोट पुढे केलं,
"मॅडम, हे चालतं."
नियम त्याला माझ्याआधी पाठ.

अकराच्या सुमारास हसुराम मढवी.
शाई वाळेस्तोवर थांबला, खिडकीबाहेर बघत.
"हय, तुजे खुर्चीखाली, आमचा बांध व्हता.
भात व्हता. मंग मोजणीवाले आले."
मी म्हटलं, आजोबा, पुढे चला.
"चाललू, चाललू. पाच वर्सांत एक दिवस
यो वाचमन मना इचारत नाय, खय चाललास."
आत गेला. यंत्र बराच वेळ गप्प.
मला वाटलं, म्हातारा आडोशाच्या पुठ्ठ्यामागे
नुसता उभाच आहे, आपल्या शेतात.
मग लांब शिट्टी वाजली.

दुपारी ऊन फळ्यापर्यंत आलं.
कुणीतरी रांगेत पंख्यावरून भांडलं.
क्रमांक एकचे साहेब यादीतून नाव मोठ्याने वाचतात,
एजंटांनी ऐकावं म्हणून:
"कौतिका दगडू हिवाळे."
वरच्या डोंगरावरची बाई. चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकात.
म्हणाली, "परत वाचा."
"का? चुकलं काय?"
"नाही, बरोबर आहे."
साहेब वैतागले, पण वाचलं.
वर्षभर तिला अगं, ए, बाई, हटा तिकडे,
आणि इथे तिच्या नावासाठी
तीन पक्षांची तीन माणसं मान खाली घालून
खुणा करत होती.

ते नाव मला माहीत होतं.
पाणीपट्टी विभाग, तिसरा मजला, माझं टेबल,
नळजोडणीचा अर्ज, गेल्या पावसाळ्यातला.
तिनेही ओळखलं असावं, कारण ती काही बोलली नाही.
बोट धरलं माझ्यासमोर, अजिबात न हलवता.
हललं ते माझं.
रेघ वाकडी गेली, पेराखाली उतरली.
"असू द्या," म्हणाली, "जास्त दिवस राहील."

सहाला दार लावलं. लाख वितळवली, दोरे बांधले,
सह्या, सह्या, सह्या.
रात्री घरी, कळव्यात, भांडी घासताना दिसलं,
माझ्या पाचही बोटांना शाई.
शेजारची पोरगी म्हणाली, "काकू, पाच मतं दिलीत?"
हसले. लिंबू चोळलं, राख चोळली.
एकही दिलं नव्हतं.
ड्यूटीवरच्यांसाठी टपाली मताचा अर्ज असतो,
तो मी भरलाच नाही.
एका मताने काय, असं कुणाला तरी म्हणालेही होते,
बहुतेक कॅन्टीनमध्ये.

सोमवारी खण उघडला.
अर्ज होता, कोरा, चहाच्या कपाचा गोल पडलेला.
त्याच्याखाली एक फाईल, परत पाठवायची राहून गेलेली.
हिवाळे, कौतिका दगडू.
शेरा: रहिवासाचा पुरावा अपुरा.
अक्षर सुरेख आहे माझं.